सहावी ओळ

गुरुवार. थंडर बे. उणे एकतीस.
आइलाच्या तळघरात भट्टी घरघरतेय,
आमच्या बुटांवरचं बर्फ वितळून
जिन्यापाशी एक मळकं तळं साचलंय.
टेबलावर नकाशा: मिठाची खाण, तिसरा मजला.
"खाली चौदा जण," आइला पुठ्ठ्याच्या आडोशामागून म्हणते,
"पंधराही असतील."

मी वहीत कोष्टक आखून आलोय.
आगगोळा: आठ फासे, सरासरी अठ्ठावीस.
विजेचा पट्टा: तेवढेच, पण त्यासाठी शत्रूनं
शाळेच्या प्रार्थनेसारखं रांगेत उभं राहायला हवं.
विषाचा ढग: वारा फिरला की आपलेच डोळे.
झोपेचा मंत्र: सुरुवातीला सोनं, पुढे पितळ.
मी ढालकरी. मंत्र माझे नाहीत.
पण मागचा माणूस काय पेटवणार आहे
हे पुढच्याला ठाऊक असलेलं बरं.

मागचा माणूस म्हणजे रेनो लाहतेला.
एकोणतीस वर्षं फायर ब्रिगेडमध्ये, आता आमचा मांत्रिक.
त्याच्या पत्रकावर सहाच ओळी,
खोडून खोडून कागद कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ.
माझी वही त्यानं नीट वाचली, चष्मा वर ढकलून,
आणि पहिल्या ओळीवर पेन्सिल आडवी ठेवली.

"छत किती उंच?"
आइलानं नियमपुस्तक चाळलं. "नऊ फूट म्हणू."
"दारं?"
"एक."
"कुठल्या बाजूला उघडतं?"
सात वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं.
"आत," ती म्हणाली, जरा थांबून.
"मग आग नको.
नऊ फुटांखाली ती आधी वर जाते,
मग छत चाटत चाटत तुमच्या मागे येते.
पुस्तकात वीस फूट लिहिलंय.
तिनं पुस्तक वाचलेलं नसतं."

डेल्फीन आमची चोर, वय एकोणीस.
ती वैतागली. तिला राख हवी होती.
त्याऐवजी जिन्यावर तेलाचा ओघळ आला,
पहिले पाच जण एकमेकांच्या अंगावर,
भाले, शिव्या, शिरस्त्राणं, सगळं गडगडत.
मग धुकं. मग धुकं सोडून जाळं,
कारण एका वेळी मनात एकच मंत्र मावतो.
खांबाखांबांत ताणलेल्या त्या चिकट दोऱ्यांत
सात जण माश्यांसारखे.
रक्ताचा थेंब नाही. माझ्या कोष्टकात
तीन फेऱ्या, नुकसान शून्य.
"मशाल टाकते," डेल्फीन म्हणाली, "जाळं पेटतं!"
"तू कुठं उभी आहेस?"
तिनं आपली सोंगटी पाहिली.
जाळ्यापासून दोन चौकोन.
मशाल न पेटताच झोळीत परत गेली.

पंधरावा होता.
विरत चाललेल्या धुक्यातून तो आला, तेलानं त्याला बाधा नाही,
आणि आइलाचे फासे त्या रात्री तिच्यावर खूश होते.
माझे तीन गुण उरले, मग एक.
ढाल फुटली तेव्हा मी खरोखरचा डावा हात मागे घेतला.
रेनोकडे एकच ओळ शिल्लक, सहावी,
जी त्यानं आम्हाला दाखवली नव्हती.
मला वाटलं, आता तरी. आता तरी पेटव.
मी मनातल्या मनात अठ्ठावीस वजासुद्धा केले.

त्यानं मागच्या भिंतीत दार काढलं.
बाहेर उघडणारं.

खजिना राहिला. अनुभवाचे गुण निम्मे.
डेल्फीन बोलेना, चिप्सचा पुडा रिकामा करत बसली.
मी वहीत एक नवा रकाना आखला,
वर काय लिहावं सुचेना, कोराच ठेवला.

अकरा वाजता रेनोनं कोट चढवला,
जिना चढला, आणि दार उघडण्याआधी
तळहात उलटा करून
लाकडाला क्षणभर टेकवला.
पलीकडे फक्त थंडी होती.